जात वाईट की साखळी?



परवा एका वस्तीवर गेलो. ओट्यावरच्या आजीबाई ओरडल्या, "सायेब, लांबूनच! अल्सेशियन हाय, लई खुनशी जात!" पाहिले तर कुत्रे पिल्लू असल्यापासून हातभर साखळीला, आणि पोरे येताजाता खडे मारतात. आपले गावठीही असे बांधले तर चावेलच की! २०२२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १८,००० हून अधिक कुत्र्यांची माहिती तपासली. स्वभावातील फरकात जातीचा वाटा जेमतेम ९ टक्के निघाला. मोठ्या जबड्याची जखम खोल असते, एवढे मात्र खरे.

कुंपणाआड रोज मोकळे सोडा, पोरांना आवरा, रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या. आणि कोणतेही कुत्रे चावले तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-मिरची भरत बसू नका.