सल आणि शल्य

जुनाट वेदनेवर, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेवर, सजगतेचा (माइंडफुलनेसचा) अभ्यास सुचवला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: कंबर दुखत असताना मनाचा उपाय सांगणे म्हणजे रुग्णाचे दुखणे खोटे ठरवणेच होय. परंतु हा आक्षेप इजा आणि वेदना यांना एकच समजतो. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्तानुसार मज्जारज्जूतून वर जाणाऱ्या वेदनासंदेशांवर मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही अंमल चालतो, त्यामुळे मनाचा वाटा मान्य केल्याने वेदनेचे खरेपण तसूभरही कमी होत नाही.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या सजगता-अभ्यासक्रमात रुग्ण उताणा पडून डाव्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेतो आणि दुखरी जागा आली की तिला न टाळता तिथली जळजळ, ओढ, ठणका वेगवेगळा न्याहाळतो. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील सल्लसुत्तात वेदना आणि तिच्यावरची तळमळ यांतला भेद दोन बाणांच्या दृष्टान्ताने सांगितला आहे: पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा तिच्यावरून होणाऱ्या तळमळीचा. (पालीतील ‘सल्ल’ म्हणजे संस्कृतातील शल्य, आणि मराठीत मनाला लागून राहतो तो सल.) अभ्यासाचा रोख मुख्यतः दुसऱ्या बाणावर आहे.

दुसरा पक्ष भक्तांचा असून तो अधिक घातक आहे, कारण त्याला सजगता म्हणजे रामबाण वाटते. जुनाट कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांवरील, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत २६ आठवड्यांनंतर दैनंदिन हालचालींत लक्षणीय सुधारणा झालेल्यांचे प्रमाण सजगतेच्या गटात ६०.५ टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात ४४.१ टक्के आणि विचार व वर्तनाच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचाराच्या गटात ५७.७ टक्के होते. म्हणजे गुण आहे, पण तो एकट्या सजगतेचा नव्हे, आणि बऱ्याच जणांना तो आलाही नाही. त्यांच्यावर ‘साधना कमी पडली’ असा ठपका ठेवणे हा निव्वळ अन्याय होय.

व्यायाम, फिजिओथेरपी आणि औषध यांच्या जोडीला सजगता ग्राह्य आहे, त्यांच्या जागी नाही. खुद्द ध्यानगुरूही याबाबत सावध होते: इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचे संस्थापक सत्यनारायण गोएंका असह्य अर्धशिशीवर उपाय शोधत १९५५ मध्ये रंगूनमधील विपश्यनाचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी शिबिरात प्रवेश देण्यास त्या गुरूंनीच नकार दिला होता.