उजेडावरचा वायुसंवेदक मावळच्या पावसात टिकेल?

बेगडेवाडीजवळून जुना पुणे-मुंबई महामार्ग जातो. वाहनांच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साईड अशा गावोगावी मोजायचा, तर बॅटरीवर चालणारे स्वस्त संवेदक हवेत. धातूच्या ऑक्साईडचे प्रचलित संवेदक मात्र 200 ते 400 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागतात आणि बहुतेक वीज त्यातच खर्ची पडते. उष्णतेऐवजी प्रकाश वापरण्याचा मार्ग संशोधकांनी काढला आहे. झिंक ऑक्साईडला एरवी अतिनील किरण लागतात; त्यावर रंगद्रव्य किंवा सोन्याचे अतिसूक्ष्म कण चढविल्यास एलईडीचा निळा-हिरवा उजेडही पुरतो. चिकटलेले वायूचे रेणू त्यामुळे लवकर सुटतात. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखण्यास मात्र अद्याप उष्णताच अधिक भरवशाची. शिवाय न तापलेल्या पृष्ठभागावर ओलावा धरतो व मोजमाप चुकते. प्रयोगशाळेतील कोरड्या हवेच्या आकड्यांवरून मावळातील आषाढ-श्रावणाचा अंदाज बांधता येणार नाही.