शेजारधर्म

मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईचे. १९७२ मध्ये चेन्नईच्या प्रशिक्षण संस्थेतून ते महार रेजिमेंटमध्ये गेले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत शांतिसेनेत लढताना त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्या मोहिमेत आपले सुमारे १,२०० जवान गेले. १९९० मध्ये सेना परतली, तिथले युद्ध मात्र थांबले नाही.

मे २०२२ मध्ये श्रीलंका आर्थिक संकटात असताना चेन्नई बंदरातून तांदूळ, दूधभुकटी आणि औषधे गेली. माझ्या मते हेच धोरण अधिक शहाणपणाचे. शौर्यात आपण तेव्हाही कमी नव्हतो. पण शेजारच्या घरातले भांडण बंदुकीने मिटत नाही. छात्रांनो, आदेश आला तर आपण जाऊच. मात्र तशी वेळ येऊ न देणे, हेही राष्ट्राचे सामर्थ्यच आहे.