तह थोरांचे, मुंडकी रयतेची

बांधवहो, आपल्या इंदुरीच्या किल्ल्याचे धनी दाभाडे. त्यांच्या घरचे सेनापती त्रिंबकराव निजामाशी संधान बांधून बाजीराव पेशव्यावर उठले व इ. स. १७३१ त डभईच्या लढाईत पडले. मराठ्यांनीच मराठे कापले. रयतेस कोणी पुसले?

तीच गत युरोपात. जर्मनीच्या बिस्मार्कने १८७९ त ऑस्ट्रिया व १८८२ त इटली जोडली. १८८७ त ऑस्ट्रियाला चोरून रशियाशी करार केला. १८९० त तो पायउतार होताच करार सुटला आणि रशिया फ्रान्सला मिळाला. १९१४ त याच गटांनी जग पेटविले. आमच्या मराठा पलटणी जर्मनीच्या दोस्त तुर्कांच्या वेढ्यात, कूतला, उपाशी झिजल्या.

शहाणे यास मुत्सद्देगिरी म्हणतात. आम्ही म्हणतो, ज्याचा पोर मरणार त्याला न विचारता केलेला तह हा दरोडाच होय!