खालाने गाठ आठ महिने लपवली

माझ्या खालाने छातीतली गाठ आठ महिने कुणाला सांगितली नाही. दुखत नव्हती, म्हणून साधीच असेल असं वाटलं. शिवाय पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज. पढलेलं पाणी झालं, लेप झाले. शेवटी एका छोट्या नर्सिंग होममध्ये गाठ काढली, पण तपासायला पाठवलीच नाही. काही महिन्यांत ती परत आली.

कॅन्सरचा डॉक्टर म्हणजे एकच माणूस नव्हे, हे मला तेव्हा कळलं. सर्जिकल ऑन्कोलॉजिस्ट ऑपरेशन करतो, मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट केमो आणि औषधं ठरवतो, रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट शेक देतो. पण पेशंटला सहसा न भेटणारा पॅथॉलॉजिस्ट या तिघांच्या आधी लागतो. बायोप्सीचा तुकडा पाहून कॅन्सर आहे का, कोणत्या जातीचा, हे तो सांगतो. कधी आधी केमो आणि मग ऑपरेशन, असाही क्रम असतो. ‘सुई लावली की पसरतो’ या भीतीने बायोप्सी टाळणं म्हणजे पत्ता न विचारता रिक्षात बसणं.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये किंवा दुसऱ्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयात जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. आधीच्या लॅबकडून स्लाइड्स आणि ब्लॉक मागून घ्या. तिथे ते पुन्हा तपासतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. आणि नावाचं स्पेलिंग बघा! आपल्याकडे एका कागदावर ‘बी’, दुसऱ्यावर ‘बेगम’. कॉम्प्युटरला त्या दोन बाया वाटतात. मी सॉफ्टवेअरवाला आहे, मला त्याचा हट्ट माहीत आहे. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसं सांगा, निदान तपासताना नर्स सोबत हवी म्हणा. हे मागण्यात संकोच कसला?

तरुण पोरांसाठी वेगळं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी नाक्यावर पुडी मिळते. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर जेल लावत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

आपल्या चळवळीच्या शिबिरांत बीपी, शुगर, रक्तदान होतं. पडद्यामागे एक टेबल आणि एक लेडी डॉक्टर, एवढं का होत नाही? मी स्वतः तीन शिबिरं भरवली, मलाही सुचलं नव्हतं.

खालाचे शेक सुरू आहेत. परवा तिने शेजारच्या आपाला दारातच विचारलं, “तुला कुठे गाठबीठ नाही ना गं?”