ओझरचं मिग, कुर्ल्याची डॉज आणि भाच्याचं किट

कस्टम्सच्या यादीत ९५०३ नंबरचा एक मथळा आहे. त्यात तान्ह्या मुलांची तीनचाकी आहे, बाहुली आहे, कोडी आहेत आणि त्यांच्याच पंगतीत 'स्केल मॉडेल'ही आहे. म्हणजे मोटारीचे वा विमानाचे सुटे भाग सुटे सुटे जोडून, घासून, रंगवून हुबेहूब छोटी प्रतिकृती करायची, ते किट. या मथळ्यावरची आयात ड्युटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ च्या बजेटमध्ये ७० वर. वर जीएसटी वेगळा. दुकानदार कशाला मागवेल? कॉलेज रोडपासून मेनरोडपर्यंत मी स्वतः विचारत फिरलो. रिमोटची गाडी मिळते, पेटीतून काढली की पळणारी. किट म्हटलं की समोरचा माणूस लेगोसारखं काहीतरी दाखवतो.

भाच्याला मिळालं ते मावसभावाने अमेरिकेहून येताना बॅगेत टाकून आणलं म्हणून. १९७० ची डॉज चार्जर, एकास पंचवीस प्रमाणात. 'फास्ट अँड फ्युरियस'मधली काळी गाडी, पोरांना बरोबर माहीत असते. या गाड्यांना तिकडे मसल कार म्हणतात. १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून ही लाट धरतात: मध्यम आकाराच्या गाडीत अवाढव्य व्ही-८ इंजिन कोंबायचं. चार्जरमध्ये मिळणारं 'हेमी' इंजिन सात लिटरचं, म्हणजे मारुती ८०० ची जवळजवळ नऊ इंजिनं एका बॉनेटखाली. विमा महागला, धुराचे नियम आले, १९७३ मध्ये तेल भडकलं आणि ही चैन आटोपली.

भाचा पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सव्वापाच मीटरची गाडी त्याने एकवीस सेंटीमीटरमध्ये बनवली, आणि तीन आठवडे मी ते बघत होतो. भाग प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले येतात. आपल्या अंबडचे मोल्डिंगवाले ज्याला रनर म्हणतात, तेच. एकेक कापायचा, कापल्याची खूण पॉलिश पेपरने घालवायची. गोंद वेगळाच असतो, तो प्लास्टिक थोडं वितळवून सांधतो, त्यामुळे चुकलं की सोडवता येत नाही. इंजिन दोन अर्ध्या भागांचं. ते जोडलं, मग गिअरबॉक्स, मग चॅसिस, मागचा अ‍ॅक्सल. क्रम चुकवला तर एक्झॉस्टचा पाइप बसतच नाही.

खरी मजा रंगात आली. पहिल्या हाताला बॉडीवर संत्र्याची साल उठली. यूट्यूब बघून सुधरेना, तेव्हा स्वारी गेली द्वारकेजवळच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे. त्या काकांनी हातातलं काम बाजूला ठेवून थिनर किती, अंतर किती, हात कसा फिरवायचा ते दाखवलं. फटीत लांबी कशी भरायची तेही. दोन वर्षांच्या डिप्लोमात हे कुणी शिकवलं नव्हतं, असं भाचाच म्हणाला. मी नाही म्हणत हं.

आता हे पोरखेळ आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा मागे बघा. आपल्या राज्याचा मोटार उद्योगच मुळात किट जोडून शिकला. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या गाड्या, डॉज, प्लिमथ, डिसोटो, सुटे भाग आणून जोडल्या जायला लागल्या. महिंद्राने माझगावात विलिसच्या जीपचं तेच केलं. आणि आपलं ओझर? १९६४ मध्ये एचएएलचा कारखाना आला तो मिग-२१ साठी. आधी रशियातून आलेले भाग जोडले, मग हळूहळू एकेक भाग इथे करायला घेतला. देशात सहाशेहून जास्त मिग-२१ बनली, ती या रस्त्याने. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटची मिग निवृत्त झाली, तेव्हा नाशिकमध्ये किती घरांत डोळे ओले झाले ते मला माहीत आहे.

ड्युटीच नको, असं मी म्हणत नाही. १९५३ मध्ये सरकारने सांगितलं की नुसतं जोडकाम चालणार नाही, इथे बनवणार असाल तर राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेले. पण तेव्हा इथे बनवायला तयार असलेला कुर्ल्याचा कारखाना उभा होता. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला, तेही ठीकच. तोंडात घालायच्या खेळण्यात विषारी रंग नकोच. पण तो नियम १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचा आहे, आणि ड्युटी मात्र विशीतल्या पोराच्या किटलाही तीच. एकाही नाशिककर दुकानदाराकडे मला देशी मोटारीचं किट दिसलं नाही. मग या ७० टक्क्यांनी आपण वाचवतोय कुणाला?

आणि सगळं खापर दिल्लीवर फोडूनही चालणार नाही. शाळेत कार्यानुभव वहीत लिहून होतो. प्रोजेक्ट स्टेशनरीच्या दुकानातून तयार येतो. दिवाळीचा किल्लासुद्धा आता प्लास्टरचा, रंगवलेला विकत आणतात, हळीव पेरायचीही गरज नाही. चिखलात हात घालू न देणारे आपणच, आणि नंतर सातपूरचे कारखानदार 'पोरांना फाइल धरता येत नाही' म्हणतात तेव्हा माना डोलावणारेही आपणच.

माझी मागणी दोन भागांची आहे. आपल्या खासदारांनी बजेटपूर्व पत्रात स्केल मॉडेलच्या किटला खेळण्यांतून वेगळं काढायला सांगावं. दुसरी मागणी निमा आणि आयमाला. आपल्याकडे टूलरूम आहेत, डाय बनवणारे आहेत, मोल्डिंगची मशीन आहेत. जीप घ्या, मिग-२१ घ्या, एक किट नाशिकचं काढा. नावासाठी मूळ कंपनीची परवानगी लागेल, पण महिंद्रा आणि एचएएल इथेच तर आहेत. डायचा खर्च लाखांत जातो, मान्य. म्हणूनच एकट्यादुकट्याने न करता संघटनेने करावं, आणि पहिला लॉट आयटीआय-पॉलिटेक्निकांनी उचलावा.

अंबड-सातपूरचे डायमेकर मित्र ही पोस्ट वाचतात हे मला ठाऊक आहे. शंभर भागांच्या, एकवीस सेंटीमीटरच्या जीपचा मोल्ड कितीला पडेल, अंदाजाने का होईना, खाली लिहा. आकडा हातात असला की निमाच्या पुढच्या बैठकीत मी स्वतः विचारतो.