पडद्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

अमेरिकेच्या मूकपटातल्या घोडेस्वारांवर लिहायचं बीडच्या माणसाला काय पडलंय, असं कुणी विचारील. पडलंय, दोस्तांनो. कारण तो सगळा पिक्चर जमिनीचा आहे. घोडा, बंदूक, धूळ ही वरची सजावट. आत भानगड एकच: जमीन कुणाची, आणि ज्याच्याकडून ती हिसकावली त्याला पडद्यावर कोण उभं करणार?

हॉलिवूडनं उत्तर सोपं काढलं. १९२५च्या 'द व्हॅनिशिंग अमेरिकन'मध्ये आदिवासी नायक झाला रिचर्ड डिक्स, गोरा नट. जमीन घेतली, मग तोंडही घेतलं. १९२० साली ओक्लाहोमात 'द डॉटर ऑफ डॉन' निघाला. त्यात सुमारे तीनशे कायोवा आणि कोमांची माणसं, नायकापासून गर्दीपर्यंत. कपडे, तंबू घरचे. पण दिग्दर्शक गोराच.

त्याच साली ऑस्कर मिशो या काळ्या माणसानं 'द सिम्बॉल ऑफ द अनकॉन्कर्ड' काढला. मिशोनं स्वतः साउथ डकोटात जमीन कसलेली. पहिल्या सिनेमासाठी त्यानं शेअर विकून पैसा उभा केला होता. ह्या पिक्चरात काळ्या माणसाच्या जमिनीखाली तेल निघतं, म्हणून बुरखेवाले घोडेस्वार रात्री त्याला हुसकायला येतात.

हे बीडला समजावून सांगावं लागत नाही. गायरान कसणाऱ्या आपल्या माणसाच्या उभ्या पिकात इथं गुरं घातली गेलीत. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं कायम करायचा सरकारी निर्णय १९९१ साली झाला. कागद झाला, पण त्या जमिनीसाठी एकनाथ आवाडांसारख्या इथल्या पँथरला अख्खं आयुष्य झगडावं लागलं. तिकडं तोंडावर बुरखा तरी होता. इकडं तोंडं उघडी, आणि सकाळी तीच पंचायतीत बसतात.

आणि आपला मराठी मूकपट? सुरुवात १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'नं. त्या पुराणकथेत राजाची सगळ्यात मोठी विटंबना कोणती? मसणवट्यात डोंबाची चाकरी. राजावर आली की शोकांतिका. ज्याच्यावर जन्मानं लादली त्याची गोष्ट कुणी विचारली? १९२५ साली बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. सावकार जमीन गिळतो, शेतकरी शहराची वाट धरतो. मोठं काम, नाकारत नाही. पण गिळायला आधी जमीन पाहिजे. ज्याच्या नावावर ढेकूळ नाही तो ह्या गोष्टीत येणार कुठून? केरळात पी. के. रोझी ही दलित बाई मूकपटात नायर स्त्री झाली, तर लोकांनी पडद्यावर दगड मारले. तिला परागंदा व्हावं लागलं.

म्हणून नुसते पोस्टरवरचे चेहरे मोजू नका. चेहरा भाड्यानंही मिळतो. विचारा: गोष्ट कुणाची, पैसा कुणाचा, रीळ कुणाच्या ताब्यात? नागराज मंजुळेंचा 'फँड्री' यायला २०१३ उजाडलं. हरिश्चंद्रानंतर शंभर वर्षं!

मिशोच्या पिक्चरची जी प्रत वाचली, तिच्यात बुरखेवाल्यांना पिटाळल्याचा भागच नाही. मार खाल्ल्याचं टिकतं, उलटून दिल्याचं हरवतं. मुंबई-पुण्यातल्या पोरांनो, तुमच्या खिशातल्या फोनला कॅमेरा आहे. गायरानावर या. पीक तुडवल्याचं काढा, अन् तेच पीक पुन्हा उभं केल्याचंही काढा. आणि ते दुसऱ्याच्या हाती देऊ नका.